मोडण्यासाठीच बांधलेली आवरणे

पेशीच्या आत माल वाहून नेण्याचे काम पुटिका करतात. पुटिका म्हणजे मेदाच्या दुपदरी पटलाचे, साधारण ५० ते १०० नॅनोमीटर व्यासाचे बंद गोळे. आंतर्द्रव्यजालिकेत तयार झालेले प्रथिन गॉल्गी संकुलापर्यंत पोहोचवायचे असो, पेशीबाहेरचे कोलेस्टेरॉल आत घ्यायचे असो, की चेतापेशीच्या टोकाशी रिकाम्या झालेल्या पुटिका पुन्हा घडवायच्या असोत, दर वेळी एखाद्या पटलाचा छोटासा भाग फुगतो, सुटा होतो आणि दुसऱ्या पटलाला जाऊन मिळतो. हा भाग फुगत असताना त्याच्यावर प्रथिनांचे आवरण चढते. क्लॅथ्रिन, कॉप-१ आणि कॉप-२ ही त्यांतली तीन प्रमुख आवरणे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हे आवरण कवचासारखे दिसते आणि माल सुखरूप पोहोचावा म्हणून पेशीने तो बांधून दिला असावा, असा वाचणाऱ्याचा सहज समज होतो. गेल्या साठ वर्षांतला पुरावा मात्र वेगळे सांगतो. आवरण मालाच्या रक्षणासाठी नसतेच. ते बांधकामातल्या सेंटरिंगसारखे असते. स्लॅबला आकार येईपर्यंत ते लागतेच, पण ते उतरवले नाही तर घर वापरता येत नाही. माल निवडणे, पटल वाकवणे आणि वेळ येताच स्वतः सुटून पडणे ही तिन्ही कामे या प्रथिनांच्या रचनेतच गुंफलेली आहेत. त्यांतले तिसरे काम पहिल्या दोहोंइतकेच महत्त्वाचे आहे, किंबहुना आवरणाचे आवरणपण त्यातच आहे, हे या लेखात मांडायचे आहे.

या आवरणाची पहिली ठळक नोंद डासाच्या अंडपेशीतून आली. १९६४ साली थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर या अमेरिकी संशोधकांनी एडिस इजिप्ती या डासाची मादी रक्त प्यायल्यानंतर तिच्या अंडपेशींत काय घडते ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अंड्यातला बलक ज्या प्रथिनांचा बनतो ती प्रथिने अंडपेशी बाहेरून आत घेते. त्यासाठी तिच्या पटलावर असंख्य खळगे पडलेले त्यांना दिसले, आणि प्रत्येक खळग्याच्या पेशीद्रव्याकडील बाजूला केसाळ थर होता. खळगे खोल होऊन त्यांच्या पुटिका बनत, पुटिकांवरचा थर नाहीसा होई आणि मगच त्या एकमेकींत मिसळून बलकाचे थेंब तयार होत. म्हणजे आवरण आधी उतरते आणि मग पुटिका मिसळते, हा क्रम पहिल्याच निरीक्षणात नोंदला गेला होता. १९६९ साली जपानचे तोकु कानासेकी आणि केन कादोता यांनी गिनीपिगच्या मेंदूतील पुटिका वेगळ्या काढल्या आणि तो केसाळ थर प्रत्यक्षात पंचकोन-षट्कोनांची सुबक जाळी असल्याचे दाखवले. १९७५-७६ मध्ये केंब्रिजच्या बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून अशा पुटिका शुद्ध स्वरूपात मिळवल्या. एवढी गुंतागुंतीची जाळी अनेक प्रथिनांची असेल असे वाटत होते, पण प्रामुख्याने एकच मोठे प्रथिन हाती आले. पिअर्स यांनी त्याला क्लॅथ्रिन हे नाव दिले.

एकाच प्रथिनाच्या पुनरावृत्तीतून पंचकोन आणि षट्कोन दोन्ही कसे तयार होतात, याचे उत्तर १९८१ साली मिळाले. अर्न्स्ट उंगेविकेल आणि डॅनियल ब्रँटन यांना क्लॅथ्रिनचा सुटा घटक तीन वाकड्या पायांच्या आकृतीसारखा, म्हणजे त्रिपादासारखा दिसला. त्यात १,६७५ अमिनो आम्लांच्या तीन जड साखळ्या एका मध्यबिंदूत जुळलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक हलकी साखळी चिकटलेली असते. प्रत्येक पाय मधोमध गुडघ्यासारखा वाकतो आणि टोकाला सात पात्यांच्या चक्रासारख्या गोलाकार भागात संपतो. त्रिपादाचा मध्य जाळीच्या कोपऱ्यावर बसतो आणि पाय शेजारच्या त्रिपादांच्या पायांना लगटून पुढे जातात. परिणामी जाळीची प्रत्येक कड चार निरनिराळ्या त्रिपादांच्या पायांनी मिळून बनते. जिथे तीन-तीन कडा मिळतात अशी जाळी फक्त षट्कोनांची असेल तर ती सपाटच राहते. ती बंद गोळा व्हायची असेल तर तिच्यात नेमके बारा पंचकोन लागतात, असे ऑयलरचे जुने भूमितीसूत्र सांगते. क्लॅथ्रिन हे गणित पायांच्या वळणात थोडाफार बदल करून सोडवते. त्यामुळे त्याच घटकांतून लहानमोठ्या आकारांचे पिंजरे बनू शकतात. २००४ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ३६ त्रिपादांच्या पिंजऱ्याची सविस्तर त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. दोन पायांमधला कोणताही एक जोड मजबूत नाही. पिंजऱ्याला बळ येते ते शेकडो अशक्त जोडांच्या बेरजेतून. प्रयोगनळीत द्रावणाची आम्लता थोडी बदलली तरी हे पिंजरे आपोआप जुळतात किंवा सुटतात. ज्याला कायम टिकायचे आहे अशा बांधकामाचे हे लक्षण नव्हे.

आता मालाच्या निवडीकडे वळू. क्लॅथ्रिन स्वतः पटलाला धरत नाही आणि मालही ओळखत नाही. ते काम जोडणाऱ्या प्रथिनांचे आहे, आणि पेशीच्या बाह्य पटलापाशी त्यांतले मुख्य म्हणजे एपी२. निवडीला किती महत्त्व आहे याचा सर्वांत बोलका पुरावा आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्या अभ्यासातून आला. टेक्सासमधल्या डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल पेशीत कसे शिरते याचा शोध घेत होते. एलडीएल पकडणारी ग्राहीप्रथिने निरोगी पेशींवर आवरणयुक्त खळग्यांत गोळा झालेली असतात, असे त्यांना रिचर्ड अँडरसन यांच्यासह १९७६ साली आढळले. त्यांच्याकडच्या एका रुग्णाच्या पेशी मात्र चक्रावून टाकणाऱ्या होत्या. त्यांवरची ग्राहीप्रथिने एलडीएल नीट पकडत होती, पण ते आत जात नव्हते, कारण ती खळग्यांत जमतच नव्हती. १९८६ साली कारण कळले. ८३९ अमिनो आम्लांच्या त्या ग्राहीप्रथिनात ८०७व्या जागी टायरोसीनऐवजी सिस्टीन आले होते. हा भाग पेशीच्या आत डोकावणाऱ्या छोट्या शेपटीत असतो, आणि तिथला लहानसा अमिनो आम्लक्रम वाचूनच जोडणारी प्रथिने माल उचलतात. पुढे २००१ साली याच रोगाचा दुसरा प्रकार सापडला. त्यात ग्राहीप्रथिन निर्दोष असते, पण त्याची शेपटी वाचणारे एआरएच हे जोडप्रथिन बिघडलेले असते. मालावरची खूण पुसली काय आणि ती वाचणारा गैरहजर असला काय, रक्तातले कोलेस्टेरॉल वाढतेच.

ही वाचन-यंत्रणा मुद्दाम संशयी ठेवलेली आहे. एपी२ चार घटकांचे बनलेले असते आणि पेशीद्रव्यात हिंडताना ते मिटलेल्या अवस्थेत असते. मालाच्या खुणा वाचणाऱ्या जागा त्या वेळी झाकलेल्या असतात. पेशीच्या बाह्य पटलात मुबलक असलेला एक विशिष्ट फॉस्फोइनोसिटाइड मेद त्याला भेटला की ते उघडते, आणि मग त्याच पटलात मालाची खूण सापडली तरच ते घट्ट बसते. नुसते योग्य पटल मिळून भागत नाही आणि नुसता माल मिळूनही भागत नाही. २०१२ साली जिवंत पेशींतले एकेक रेणू मोजताना असे दिसले की खळग्याची सुरुवात बहुधा एक क्लॅथ्रिन त्रिपाद आणि दोन एपी२ यांच्या एकत्र येण्याने होते. पण सुरुवात झालेला प्रत्येक खळगा पुटिका बनत नाही. पुरेसा माल न मिळालेले बरेचसे खळगे थोड्याच सेकंदांत विरून जातात. जोड अशक्त ठेवण्याचा फायदा इथे दिसतो. जोड पक्के असते तर चुकीच्या जागी सुरू झालेले आवरण मागे घेता आले नसते. चुकीची सुरुवात सोडून देता येणे हाही निवडीचाच भाग आहे. या यंत्रणेला चकवता येते हेही खरे. एड्सच्या विषाणूचे नेफ हे प्रथिन एपी२ला एका बाजूने आणि पेशीवरच्या सीडी४ या ग्राहीप्रथिनाला दुसऱ्या बाजूने धरते आणि ज्या मालाला आत जायचे नव्हते तो आत ढकलते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. क्लॅथ्रिन पटल खरोखर वाकवते का, की दुसऱ्या कोणी वाकवलेल्या पटलावर ते नुसते चढते? शंका निराधार नाही. जॉन ह्यूझर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांत पेशींच्या आतल्या बाजूस क्लॅथ्रिनच्या सपाट षट्कोनी जाळ्या स्पष्ट दिसतात, म्हणजे क्लॅथ्रिन असूनही पटल सपाट राहू शकते. शिवाय एप्सिनसारखी प्रथिने आपला एक पेचदार भाग पटलाच्या पेशीद्रव्याकडील पदरात खुपसून ते वाकवतात, आणि केळ्याच्या आकाराची बार-प्रथिनेही तेच करतात. यीस्टमध्ये तर आतला दाब इतका असतो की ॲक्टिन तंतूंच्या जोराशिवाय पटल आत वळतच नाही. तरीही क्लॅथ्रिनला केवळ प्रेक्षक ठरवता येत नाही. २०१२ साली कृत्रिम मेदगोळ्यांवर एप्सिनचा पटल वाकवणारा भाग काढून केवळ क्लॅथ्रिनला धरून ठेवणारा तुकडा लावण्यात आला, तेव्हाही क्लॅथ्रिनने तिथे गोल अंकुर उमटवले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकीय मोजमापांनी सूचित केले की जाळी आधी सपाट वाढते आणि नंतर तिचे क्षेत्रफळ फारसे न बदलता ती वळते. सुरुवातीपासूनच वक्र वाढते असे मानणारेही संशोधक आहेत, आणि पेशीप्रकारानुसार दोन्ही घडत असण्याची शक्यता आहे. पण सपाट जाळी वळायची तर त्रिपादांनी जागा सोडल्या पाहिजेत आणि नवे पंचकोन घडले पाहिजेत. जिवंत पेशीत क्लॅथ्रिनचे त्रिपाद वाढत्या खळग्यातून सतत निघत आणि बसत असल्याचे दिसते. म्हणजे वाकवण्याच्या कामातही जोड सुटत राहणे उपयोगी पडते.

खळगा पूर्ण गोल झाला की त्याची मान कापावी लागते. ते काम डायनामिन करते. मानेभोवती त्याची सर्पिल कडी बसते आणि जीटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू खर्चून ती आवळते. डायनामिनचे महत्त्व फळमाशीच्या शिबिरे या उत्परिवर्तनामुळे कळले. या माश्या साध्या तापमानाला ठीक असतात, पण पारा २९-३० अंशांवर गेला की त्यांना लकवा होतो आणि थंड केल्यावर त्या पुन्हा उडू लागतात. तापलेल्या माशीच्या चेतापेशींत पुटिकांचा साठा संपलेला असतो आणि पटलावर माना न कापलेले अंकुर तसेच लटकलेले दिसतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन यांच्या गटाने परदेशी सहकाऱ्यांसह २००१ साली दाखवले की डायनामिनला लागणारा जीटीपी पुरवण्यात न्यूक्लिओसाइड डायफॉस्फेट कायनेज या विकराचाही हात असतो. मान कापली गेल्यावर पुटिका सुटी होते, पण कामाची होत नाही. तिच्यावर पिंजरा असेपर्यंत ती कोणत्याही पटलाच्या पुरेशी जवळ जाऊ शकत नाही.

पिंजरा उतरवण्याचे काम एचएससी-७० हे प्रथिन करते. एरवी घडी चुकलेल्या प्रथिनांना सावरणारे हे प्रथिन १९८४ च्या सुमारास जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगशाळेत आवरण सोडवणारे विकर म्हणून ओळखले गेले. ऑक्झिलिन नावाचा साथीदार त्याला पिंजऱ्यात योग्य जागी बसवतो, आणि एटीपी हा जीटीपीसारखाच ऊर्जा पुरवणारा रेणू खर्चून ते त्रिपाद सुटे करते. त्याच वेळी सिनॅप्टोजॅनिन हे विकर पुटिकेच्या पटलातला तो विशिष्ट मेद बदलून टाकते, त्यामुळे एपी२ला धरायला काही उरत नाही. या पायरीला दुय्यम मानणाऱ्यांनी उंदरांवरचे प्रयोग पाहावेत. ज्या उंदरांत ऑक्झिलिन किंवा सिनॅप्टोजॅनिन नाही, त्यांच्या चेतापेशींच्या टोकांशी आवरण न उतरलेल्या पुटिकांची गर्दी होते. ऑक्झिलिन नसलेल्या उंदरांत तर आत पुटिकाच नसलेले रिकामे पिंजरेही साचतात आणि नव्या खळग्यांसाठी सुटे क्लॅथ्रिन कमी पडते. माणसांत २०१२-१३ मध्ये या दोन्ही प्रथिनांच्या जनुकांतील उत्परिवर्तने कमी वयात सुरू होणाऱ्या पार्किन्सनसदृश विकाराशी जोडली गेली. या विकारांत मूळ अडचण आवरण बनण्यात नसते, ते उतरण्यात असते.

हा नियम केवळ क्लॅथ्रिनचा आहे का, हे पाहण्यासाठी पेशीच्या आत जावे लागते. आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गी संकुलाकडे जाणाऱ्या पुटिकांवर कॉप-२ असते, तर गॉल्गीतून उलट दिशेने आणि गॉल्गीच्या थरांमध्ये होणाऱ्या वाहतुकीत कॉप-१. कॉप-२चा माग रँडी शेकमन यांनी यीस्टच्या उत्परिवर्तनांतून काढला. स्रवण थांबलेल्या यीस्टमधून १९८० पर्यंत त्यांच्या गटाने २३ जनुके हेरली होती. सेक१३ आणि सेक२३ ही नावे त्या शोधमोहिमेतली आहेत, सेक२४ आणि सेक३१ ही त्याच मालिकेत पुढे आली. कॉप-१ रॉथमन यांच्या गटाने प्रयोगनळीत गॉल्गीचे व्यवहार घडवून शोधले. १९८९ साली विवेक मल्होत्रा आणि सहकाऱ्यांनी या पुटिका शुद्ध स्वरूपात मिळवल्या त्या एका युक्तीने. त्यांनी नेहमीच्या जीटीपीऐवजी पेशीला तोडता न येणारा त्याचा जुळा रेणू वापरला. त्यामुळे आवरण चढलेल्या पुटिका तयार होऊन साचत गेल्या, पण त्यांचा पुढचा प्रवास थांबला. कारण नंतर स्पष्ट झाले. कॉप-१ला पटलावर आणणारे आर्फ१ आणि कॉप-२ला आणणारे सार१ ही दोन्ही प्रथिने जीटीपी धरून पटलात रुततात आणि जीटीपी तुटला की सुटतात. या दोन आवरणांत सुटण्याची वेळ ठरवणारे घड्याळ बाहेरून आणलेले नाही, ते बांधणीतच आहे. कॉप-२च्या आतल्या थरातले सेक२३ स्वतःच सार१ला जीटीपी तोडायला लावते, आणि बाहेरच्या थरातले सेक३१ येऊन बसले की हा वेग आणखी वाढतो. म्हणजे आवरण पूर्ण होण्याची क्रियाच त्याच्या सुटण्याला गती देते. कॉप-१च्या बाबतीत २००३ साली ब्रुनो अँटोनी यांच्या गटाने दाखवले की आर्फ१ला जीटीपी तोडायला लावणारे एक प्रथिन सपाट पटलावर सुस्त असते आणि पटल पुटिकेइतके वक्र झाले की झपाट्याने काम करू लागते. गोळा तयार झाल्याची खबर गोळ्याच्या आकारातूनच मिळते.

यावर दुसरा आक्षेप असा घेता येईल की आवरण इतके उतावीळ असेल तर पुटिका सुटण्याआधीच ते गळून पडायला हवे. शिवाय कॉप-२चा काही भाग पुटिका सुटल्यानंतरही तिच्यावर असतो, असा पुरावा आहे. पुटिकेला योग्य जागी अडवून धरणारे ट्रॅप हे संकुल सेक२३लाच पकडते, आणि गॉल्गीपाशी एका कायनेजने सेक२३ आणि सेक२४ यांना फॉस्फेट जोडल्यावरच मिसळणीचा मार्ग मोकळा होतो, असे २०११ साली दाखवले गेले. हा पुरावा मान्य करूनही मूळ मुद्दा ढळत नाही, उलट अधिक नेमका होतो. जीटीपी तुटल्याने सार१ सुटते, पण अनेक अशक्त जोडांनी विणलेला थर त्याच क्षणी कोसळत नाही. नवे घटक येत राहिले तर वाढ चालू राहते, यायचे थांबले की विघटन वरचढ ठरते. आणि राहिलेले आवरण पत्त्यासारखे वापरले जात असेल, तर ते नेमके पोहोचल्यावरच उतरणे आणखी गरजेचे ठरते. लवकर मोडणे नव्हे, तर वेळेवर मोडणे हा आवरणाचा गुण आहे.

ठरावीक मापाचा पिंजरा असेल तर मोठा माल कसा जातो, हा तिसरा आणि कदाचित सर्वांत कठीण आक्षेप. सेक१३ आणि सेक३१ यांच्या जोडांपासून प्रयोगनळीत बनणारा पिंजरा सुमारे ६० नॅनोमीटरचा असतो. हाडे, त्वचा आणि अस्थिबंध यांना बळ देणाऱ्या कोलेजनचे कच्चे रेणू मात्र ताठ आणि सुमारे ३०० नॅनोमीटर लांब असतात. तरीही कॉप-२ बिघडले तर कोलेजन अडकते यात शंका नाही. सेक२३एच्या एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे बाळाच्या टाळूची फट उशिरा भरून येते आणि कवटीचा विकास बिघडतो, हे २००६ साली कळले. हा बदल नेमका बाहेरचा थर बसण्याच्या पायरीवर घाव घालतो. मल्होत्रा यांच्याच गटाने २००९ साली टँगो१ या प्रथिनाची भूमिका पुढे आणली. ते एका टोकाने आंतर्द्रव्यजालिकेतल्या कोलेजनशी आणि दुसऱ्या टोकाने कॉप-२च्या आतल्या थराशी नाते जोडते आणि बाहेरच्या थराला वाट पाहायला लावते, त्यामुळे अंकुर लांब वाढू शकतो. अलीकडच्या काही निरीक्षणांनुसार कॉप-२ संपूर्ण पुटिकेला वेढत नसून बाहेर पडण्याच्या मुखाशी गळपट्ट्यासारखे बसते आणि माल नळ्यांतून पुढे जातो. हा वाद अजून मिटलेला नाही. तो कसाही मिटला तरी दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य करावीच लागते. ताठ, कायमचा पिंजरा असता तर कोलेजनला वाटच नव्हती. जोड सैल असल्यामुळे आणि जीटीपी तुटण्याची वेळ मागेपुढे करता येत असल्यामुळेच त्याच प्रथिनांतून निरनिराळ्या मापांची दारे उघडता येतात.

मुळावरच घाव घालणारा आक्षेपही आहे. आवरणाशिवाय भागत असेल तर एवढ्या तपशिलाचा अर्थ काय? १९८५ साली ग्रेगरी पेन आणि शेकमन यांनी क्लॅथ्रिनचे जड साखळीचे जनुक काढून टाकलेले यीस्ट जगते, फक्त सावकाश वाढते, असे दाखवून अनेकांना धक्का दिला. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सत्यजित मेयर यांच्या गटाने २००२ साली दाखवले की पटलाला मेदाच्या नांगराने बांधलेली काही प्रथिने क्लॅथ्रिन नसलेल्या स्वतंत्र मार्गाने आत घेतली जातात. पटल वाकून आत जायला क्लॅथ्रिन अपरिहार्य नाही, हे यातून मान्यच करावे लागते. पण क्लॅथ्रिनहीन यीस्टमध्ये काय बिघडते तेही पाहिले पाहिजे. गॉल्गीत राहून संप्रेरकाची कच्ची साखळी कापणारे एक विकर तिथे थांबत नाही, ते पेशीच्या पृष्ठभागावर निसटते. त्यामुळे यीस्ट अर्धवट कापलेले संप्रेरक बाहेर टाकते. वाहतूक चालूच राहते, पण कोणी कुठे थांबायचे ही शिस्त जाते. आवरणाचे मोल वाहतुकीच्या एकूण प्रमाणात शोधले तर ते कमी भरते, निवडीच्या अचूकतेत शोधले तर मोठे भरते.

या तिन्ही आवरणांची रचना तपासताना निघालेला एक निष्कर्ष माझ्या मांडणीला सर्वांत मोठे आव्हान देतो आणि सर्वांत चांगला आधारही. क्लॅथ्रिन, कॉप-१ आणि कॉप-२च्या बाहेरच्या थरांतील प्रथिनांचे अमिनो आम्लक्रम एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, पण घड्या जुळतात. पात्यांचे चक्र आणि त्याला जोडून पेचांचा लांब दांडा, हीच मांडणी पुन्हापुन्हा दिसते. तीच मांडणी केंद्रकाच्या पटलातल्या रंध्रांच्या सांगाड्यातही आहे. सेक१३ तर कॉप-२मध्येही असते आणि केंद्रकरंध्रातही. यावरून २००४ साली असा विचार मांडला गेला की पटल वाकवणाऱ्या एकाच आदिम प्रथिनसमूहातून ही सारी कुळे निघाली असावीत. मग आव्हान असे की केंद्रकरंध्राचा सांगाडा क्षणभंगुर नाही. विभाजन थांबलेल्या पेशींत त्यातली काही प्रथिने महिनोन्महिने बदलली जात नाहीत. एकाच घडीतून टिकाऊ बांधकामही होते, तर तात्पुरतेपण हा आवरणाचा स्वभाव कसा म्हणायचा? उत्तर याच तुलनेत आहे. घडी सारखी असूनही रंध्राच्या सांगाड्यापाशी बांधणी पुरी होताच तो मोडणारी, जीटीपी किंवा एटीपी खर्चणारी यंत्रणा नाही, आवरणांपाशी ती आहे. म्हणजे आवरणाला आवरण बनवते ती वाकवणारी घडी नव्हे. ती तर रंध्राकडेही आहे. वेगळेपण आहे ते सुटण्याच्या ठरवून दिलेल्या व्यवस्थेत.

ऊर्जेचा हिशोब मांडला तर हाच निष्कर्ष निघतो. क्लॅथ्रिनचे त्रिपाद जुळायला एटीपी लागत नाही, सुटे व्हायला लागतो. सार१ आणि आर्फ१ यांना बसताना जीटीपी नुसता धरून ठेवावा लागतो, तो खर्च होतो सुटताना. या दृष्टीने पाहिले की आवरणांचे आजारही नीट वर्गांत मांडता येतात. कुठे खूण वाचली जात नाही, कुठे थर बसत नाही, कुठे उतरत नाही. उपचारांचा विचारही त्यानुसार बदलतो. आर्फ१ची सुरुवातच रोखणारे ब्रेफेल्डिन-ए गॉल्गीची सारी व्यवस्था कोलमडवते. म्हणून ते प्रयोगशाळेत उपयोगी असले तरी औषध म्हणून जमले नाही. उलट २०१३ साली सेक२४ए नसलेले उंदीर सुदृढ आढळले आणि त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आले होते, कारण एलडीएलची ग्राहीप्रथिने नष्ट करवणारे पीसीएसके९ हे प्रथिन त्यांच्या यकृतपेशींतून पुरेसे बाहेर पडत नव्हते. चार सेक२४पैकी एक गेले तरी बाकीची वाहतूक बव्हंशी चालू राहिली. आवरणावर सरसकट हल्ला पेशीला परवडत नाही, पण एका खुणेचे वाचन किंवा एका पायरीची वेळ बदलणे तिला सोसू शकते. औषधांचा शोध तिथेच घ्यावा लागेल, आणि त्यासाठी आवरण कसे बांधले जाते याइतकेच ते कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून सुटते हे जाणणे भाग आहे.